बँकॉकच्या गाड्यावर ‘व्हेज’ म्हणू नका, ‘जे’ म्हणा
(आमच्या बँकॉक–पट्टाया सहलीला येणाऱ्या मंडळींसाठी)

बुकिंग करताना एक प्रश्न ठरलेला असतो: “राजवाड्याच्या दिवशी दुपारचं जेवण पॅकेजमध्ये का नाही हो?” पैसे वाचवायला नाही. ग्रँड पॅलेसची तिकिटं दुपारी साडेतीनला बंद होतात. भारतीय बुफेसाठी बस सुखुमवित भागात नेऊन परत आणायची, तर तिथल्या ट्रॅफिकमध्ये दुपार संपते. आणि ताटात काय पडतं? पनीर बटर मसाला. तो डोंबिवलीतही मिळतो. म्हणून त्या दिवशी आम्ही तुम्हाला नदीकाठच्या गल्ल्यांमधल्या खाण्याच्या गाड्यांवर सोडतो. ५० ते ८० बातमध्ये (बात म्हणजे तिथलं चलन) माणूस जेवून उठतो. रात्रीचं जेवण सहलीत रोज भारतीयच असतं, त्यामुळे आजीआजोबांनी काळजी करू नये.

आता ज्या गोष्टीमुळे दर सहलीत आमची पाऊण तास खोटी होते, ती सांगतो.

शाकाहारी मंडळी मोबाईलवर भाषांतर करून गाडेवालीला ‘मांस नको’ असं दाखवतात. रोजच्या थाई बोलण्यात ‘नुआ’ म्हणजे बीफ. ‘माय किन नुआ’ म्हणजे ‘मी बीफ खात नाही’. कुआन यिन देवीला मानणारे बरेच थाई लोक स्वतःच बीफ खात नाहीत, त्यामुळे बाईंना यात नवल काहीच वाटत नाही. त्या हसून मान डोलावतात आणि कढईत डुकराचा खिमा टाकतात. त्यांच्या हिशेबाने त्यांनी तुमचं ऐकलेलं असतं.

‘व्हेज’ म्हटलं की भाज्या वाढतात, एवढंच. खाली नाम प्ला असतंच. छोटे मासे मिठात मुरवून काढलेलं हे पाणी म्हणजे तिथलं मीठ. आमटीत मीठ घातलं हे आपण कुणाला सांगत बसत नाही, तसंच त्यांचं. पॅड थाई नूडल्समध्ये चिंच असते, ताडगूळ असतो, वाचून वाटतं आपल्याच घरचं. पण त्यात अंडं असतं आणि सोडेही. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’मध्येही सोडे असतात. मग अर्ध्या ताटात कुणालातरी सोडा सापडतो, ताटल्या परत जातात, गाईडला फोन, ऑफिसला फोन. एकदा एका गटाने आठ ताटल्या परत केल्या. बाईंनी पैसे घेतले नाहीत. पण पुढच्या महिन्यात आमची टोपी घातलेला गट लांबून दिसला तेव्हा त्यांनी हातानेच ‘नको’ केलं. तो गाडा आम्ही कायमचा गमावला, आणि त्यांचं कोंबडी-भात काय सुंदर असायचं!

तेव्हा शब्द एकच लक्षात ठेवा: ‘जे’. ‘किन जे’ म्हणजे ‘मी “जे” प्रकारचं जेवण खातो’. चिनी बौद्ध परंपरेतला हा शब्द आहे. यात मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, नाम प्लाही नाही. कांदा-लसूणसुद्धा नाही, त्यामुळे आमच्या जैन ग्राहकांचं बरंच काम होतं. मात्र मुळा आणि गाजर तिथे चालतं, ते त्यांनी बघून घ्यावं. ‘मंगसविरत’ असाही एक शब्द कानावर पडेल. तो आपलाच, मांसविरती. पण त्यात अंडं बसतं, म्हणून गाड्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

जे गाडा ओळखायचा तो पिवळ्या झेंड्यावरून. झेंड्यावर लाल रंगात इंग्रजी १७ सारखी खूण दिसते, तेच ‘जे’. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नऊ दिवस जे-उत्सव असतो तेव्हा गल्लीच्या गल्ली पिवळी होते. एरवी शोधावं लागतं, आणि ते शोधून ठेवणं आमचं काम. झेंडा नसलेल्या गाड्यावर ‘प्लीज, थोडं वेगळं करून द्या’ असा हट्ट धरू नका. कढई एक, झारा एक, मागे रांग. तो हट्ट म्हणजे वर सांगितलेल्या आठ ताटल्या.

आणि जे गाड्यावर मांसासारखं काही दिसलं तर घाबरू नका. सोयाबीन आणि गव्हाच्या चिकापासून ते हुबेहूब बदक बनवतात, लालसर, वर कातडी असावी तशी सुरकुतलेली. ते बघून एका काकूंनी थेट ऑफिसला फोन करून आम्हाला फैलावर घेतलं होतं. नंतर दोनदा मागून खाल्लं.

सामिष खाणाऱ्यांना सगळं मोकळं आहे, फक्त एक जोडी पाठ करा: ‘काइ’ म्हणजे कोंबडी, ‘खाइ’ म्हणजे अंडं. गोऱ्या लोकांची इथे हमखास गल्लत होते. क आणि ख वेगळे म्हणत मोठे झालेल्या आपल्याला काही अडचण नाही. ‘मू’ म्हणजे डुक्कर. पहिल्यांदाच खाणार असाल तर ‘फत कफ्राव काइ’ मागा. तापलेल्या कढईत ठेचलेली मिरची-लसूण, वर कोंबडीचा खिमा, आणि उतरवायच्या आधी मूठभर पानं. धूर उठतो आणि अख्खा फुटपाथ खोकतो. ठसका लागला की समजा गाडा बरा आहे. पानं तुळशीची असतात, होय, आपल्याच जातीची. मांसात तुळस बघून ज्यांना अवघडल्यासारखं होतं त्यांनी कोंबडी-भात, ‘खाव मन काइ’, घ्यावा. तिखट नको असेल तर ‘माय फेत’ म्हणा. तरी थोडं लागेलच.

नूडल्सचा वाडगा अळणी लागला म्हणून तक्रार करू नका, तो मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. टेबलावर चार बरण्या असतात: मिरचीची भरड, साखर, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि नाम प्ला. आधी रस्सा चाखायचा, मग आपल्या जिभेप्रमाणे घालायचं. साखर थोडी घालून बघाच. शाकाहाऱ्यांनी तपकिरी पाण्याची बरणी सोया सॉस समजून उचलू नये.

बाकी किरकोळ. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्याने चमच्यात ढकलायचं. पैसे जेवून झाल्यावर. २० आणि १००च्या नोटा जवळ ठेवा. ६० बातसाठी हजाराची नोट पुढे केली तर बाई सुट्ट्यासाठी शेजारच्या गाड्यावर पळते आणि तिची रांग थांबते. मधोमध भोक असलेला बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. सोमवारी बरेच गाडे बंद असतात, म्हणून आमची राजवाड्याची फेरी सोमवारी नसते.

शेवटच्या संध्याकाळी यावरातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनला, आम्ही खाऊ-फेरी काढतो. वेगळे पैसे पडतात आणि आठच जण घेतो, कारण त्याहून जास्त माणसं त्या फुटपाथवर मावत नाहीत. नावं निघण्यापूर्वीच द्या.

पासपोर्टच्या पाकिटात एक पिवळं कार्ड आहे. त्यावर थाई लिपीत ‘आम्ही जे खातो, नाम प्ला, अंडं, मांस नको’ असं छापलंय. बोलायची लाज वाटली तर नुसतं दाखवा. हरवलं तर गाईडकडे जादा आहेत, त्याचे पैसे लागत नाहीत.