वस्तुचित्रातली घनता आणि तिचा सराव

घरातली साधी वस्तू, म्हणजे तांब्या, कप, काडेपेटी किंवा वांगं समोर ठेवायचं आणि कागदावर ते चपटं न दिसता भरीव दिसेल असं काढायचं, हा घनतेचा सराव. महाराष्ट्रात याची ओळख बऱ्याच जणांना शाळेतच होते, कारण कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना वस्तुचित्र, स्थिरचित्र हे विषय असतात. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १९०४ मध्ये तरुण चित्रकार एमिल बर्नारला लिहिलेल्या पत्रात निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू म्हणून बघ असं सांगितलं होतं, ड्रॉइंगचा सराव आजही याच आकारांपासून सुरू होतो, वर ठोकळा तेवढा जास्तीचा.

बहुतेक मुलं थेट शेडिंगला हात घालतात आणि चित्र तिथेच फसतं, कारण घनता आधी रेषेत येते, शेडिंग नंतर. पेल्याचंच बघा. त्याचं तोंड गोल असलं तरी आपल्याला ते लंबवर्तुळ दिसतं, पेला डोळ्यांच्या पातळीत धरला तर नुसती आडवी रेघ दिसते आणि जसजसा खाली न्याल तसतसं लंबवर्तुळ उघडत जातं, म्हणूनच टेबलावरच्या पेल्याचा तळ त्याच्या तोंडापेक्षा जास्त गोलाईचा काढायचा असतो. पण टेबल सपाट आहे म्हणून हात आपोआप तळाला सरळ रेघ मारतो आणि पेला कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे वस्तू काचेची आहे असं समजून मागची न दिसणारी कडसुद्धा हलक्या हाताने काढायची, मधोमध आस, म्हणजे मध्यातून जाणारी उभी रेघ, काढायची आणि लंबवर्तुळाची दोन्ही टोकं गोलच ठेवायची, टोकदार नाही. अजून एक फार चांगला सराव आहे, वांग्याला किंवा बाटलीला दोरा गुंडाळायचा आणि फक्त तो दोरा कसा वळतो तेवढंच काढायचं, शेडिंगशिवायही गोलाई लगेच दिसते!

मग छायाप्रकाश. ट्यूबलाइट बंद करून एकाच खिडकीचा उजेड घ्यावा आणि डोळे किलकिले करून बघावं म्हणजे बारीकसारीक तपशील जाऊन गडद-फिकट भाग वेगळे होतात. अंड्यावर उजेडाचा भाग, मधली छटा, गडद पट्टा, कडेला टेबलावरून परत आलेला मंद उजेड आणि खाली पडछाया असा क्रम दिसतो. तो परत आलेला उजेड उजेडाच्या बाजूपेक्षा नेहमी गडदच ठेवायचा, नाहीतर गोलाई मोडते. वस्तू जिथे टेबलाला टेकते तिथे सावली सगळ्यात गडद असते, तिथे ४बी किंवा ६बी अशी मऊ, गडद पेन्सिल लागते.

स्टीलची भांडी मात्र सुरुवातीला नकोत. त्यांच्यावर खिडकी, शेजारचा कप, आपण स्वतः असं सगळंच वाकडं होऊन उमटतं आणि छटांचा क्रम सापडत नाही, त्यापेक्षा मातीची कुंडी, बटाटा किंवा पांढरा कप बरा.