सामू ८.२ असला म्हणजे अल्कलिनिटीही ठीक आहे का?

मोर्शीजवळच्या आमच्या घरात, समुद्रापासून अख्खा महाराष्ट्र मधे ठेवून, शंभर लिटरची समुद्री पेटी आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ ठेवायचं काचेचं टाकं. दर्यापूरचे मामा ती पहिल्यांदा पाहायला आले तेव्हा मी मिठाचा पुडा फोडत होतो. ते म्हणाले, "आमच्या इकळलं पाणी तं आधीच खारं हाये बाप्पा, तू मीठ कायले इकत घेतं?"

मामांचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेला हा पट्टा, आणि तिथल्या विहिरींचं पाणी खारं असतं हे खरंच. पण खारं पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं: कॅल्शियम ४०० पीपीएमच्या थोडं वर, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. विहीर हा हिशेब पाळत नाही. म्हणून आरओचं पाणी घ्यायचं आणि त्यात समुद्री पेटीसाठीचं तयार मीठ विरघळवायचं.

मामांचा घोळ हा एकट्या मामांचा नाही. 'क्षार' या एका शब्दात आपण फार माल भरून ठेवलाय. आरओ बसवणारा पोरगा मीटर बुडवून "पाण्यात क्षार जास्त आहेत" म्हणतो, तेव्हा तो एकूण विरघळलेल्या पदार्थांबद्दल बोलत असतो. माती परीक्षणाच्या अहवालात क्षारता म्हणजे विद्युत वाहकता. आणि कोणी अल्कलिनिटीचं मराठी करायला बसला की तोही 'क्षारता'च लिहितो. शेतात आपण खारवट जमीन वेगळी आणि चोपण वेगळी काढतो, पेटीजवळ आलं की सगळं एकाच पोत्यात. त्यातही नवशिक्याला सगळ्यात महाग पडणारा गोंधळ सामू आणि अल्कलिनिटी यांचा. सामू म्हणजे पीएच, हा शब्द शेतकऱ्याला सांगायला नको. सामू ७ च्या वर असला की पाणी 'अल्कलाइन', म्हणजे अल्कलिनिटीही भरपूर असणार, असं वाटतं. तिथेच फसगत होते.

सामू ही या घडीची स्थिती आहे. पाण्यात हायड्रोजन आयन आत्ता किती आहेत, एवढंच तो सांगतो, आणि तेही दसपटीच्या मापाने. ८ वरून ७ वर आला तर आम्लपणा दहापट वाढला. अल्कलिनिटी ही साठ्याची गोष्ट आहे. बाहेरून आम्ल आलं तर सामू कोसळण्याआधी हे पाणी ते किती पचवू शकेल, ते तिच्यातून कळतं. समुद्राच्या पाण्यात हा साठा मुख्यतः बायकार्बोनेटचा, थोडा कार्बोनेटचा, अगदी थोडा बोरेटचा. आपल्या छंदात ती डीकेएच या एककात मोजतात. निसर्गातल्या समुद्रात ती साधारण ७ असते, पेटीत ८ ते ९ ठेवली की चालतं.

मामांना मी हे मातीवरून सांगितलं. दोन शेतांच्या अहवालांत सामू सारखाच, ८.२. पण एकात मुक्त चुनखडी जेमतेम आणि दुसऱ्यात चिक्कार. दोन्हीकडे गंधक टाका. पहिल्यात काही काळाने सामू उतरतो. दुसऱ्यात चुनखडी त्यातून तयार होणारं आम्ल खाऊन टाकते आणि संत्र्याची पानं पिवळी ती पिवळीच राहतात. आमच्या बागेत हे आम्ही पैसे घालून शिकलो आहोत. अहवालातला सामूचा रकाना म्हणजे पेटीतला सामू, आणि चुनखडीचा रकाना म्हणजे अल्कलिनिटी. फरक एवढाच की चुनखडीला आपण शिव्या देतो आणि पेटीत तीच गोष्ट विकत आणून घालतो.

दोन्ही एकदम जास्त असू शकतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार पाहा. त्या सरोवराचा सामू १० च्या आसपास नोंदला गेलाय आणि पाण्यात सोडियम कार्बोनेटही भरपूर. तिथे आकडा मोठा आणि साठाही मोठा. पण एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही.

पटत नसेल तर घरच्या घरी बघा. पेटीतलं पाणी एका पेल्यात घ्या, दोन्ही गोष्टी मोजा. मग नळीने त्यात दोन-तीन मिनिटं फुंका आणि पुन्हा मोजा. तुमच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने सामू उतरलेला दिसेल, अल्कलिनिटी मात्र होती तिथेच. पेला खिडकीत ठेवून त्यात छोट्या एअर पंपाने बाहेरची हवा सोडत राहा, सामू आपोआप वर येतो. आत काहीही न टाकता.

हा प्रयोग मी आधी केला असता तर पहिल्या हिवाळ्यातलं नुकसान टळलं असतं. पेटी माजघरात, थंडीमुळे दारं-खिडक्या बंद, आत पाच माणसं झोपलेली, मागच्या बाजूला पाणी तापवायची चूल. पहाटे सामू ७.८. दुकानदाराला फोन केला, त्याने सामू वाढवायची पावडर पाठवली. रोज सकाळी मोजायचं, कमी दिसलं की चमचाभर टाकायची. सामू ७.८ चा ७.९ झाला, बस. दहाव्या दिवशी अल्कलिनिटी मोजली तर ८.५ ची १३ झालेली. हीटरवर आणि पंपाच्या पंख्यावर पांढरा थर, पाण्यात बारीक हिमासारखे कण, आणि झोअँथिड (प्रवाळांच्या जातकुळीतले मऊ जीव) मिटून बसलेले. साठा इतका फुगला की कॅल्शियमला सोबत घेऊन तो चुनखडीच्या रूपात खाली बसायला लागला होता.

असं का झालं, त्याचा हिशेब सोपा आहे. या पाण्याचा सामू ठरतो तो अल्कलिनिटी आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावर. हवा तीच ठेवून अल्कलिनिटी दुप्पट केली तरी सामू जेमतेम ०.३ ने चढतो. तेवढाच फरक कार्बन डायऑक्साइड निम्मा केल्यावर मिळतो, आणि त्याला खिडकी पुरते. मी पावडर थांबवली, आठवडाभर थोडं थोडं पाणी बदललं आणि स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण वेगळी काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढली. पहाटेचा सामू ८ च्या वर आला. गंमत म्हणजे उन्हाळ्यात हा प्रश्न आपल्याकडे आपोआप सुटतो, कारण खिडकीतला कूलर दिवसभर बाहेरची हवाच घरात ढकलत असतो. (तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो, मग पेटीवर पंखा लावून पाणी थंड करायची युक्ती फारशी चालत नाही. ते दुखणं वेगळं.)

सामू दिवसातही हलतो. दिवे लागले की शेवाळ आणि प्रवाळांच्या अंगातली शैवालं कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, संध्याकाळी ८.२-८.३ दिसतं, पहाटे ७.९. हे हलणं नैसर्गिक आहे, त्याच्या मागे धावू नका. अल्कलिनिटी अशी दिवस-रात्र झुलत नाही, ती खर्च होते. कठीण प्रवाळ सांगाडा बांधताना साधारण २० पीपीएम कॅल्शियममागे २.८ डीकेएच वापरतात, आणि दगडावर चढणारं जांभळं-गुलाबी शेवाळही थोडी खातं. म्हणून नवशिक्याने सामूच्या मीटरपेक्षा अल्कलिनिटीचं थेंब मोजायचं किट आधी घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मीटर घेतलाच तर ७ आणि १० च्या द्रावणांवर तो जुळवत राहावा लागतो, आणि तेवढी चिकाटी फार थोड्यांकडे असते. किट आठवड्यातून दोनदा, शक्यतो एकाच वेळेला. फक्त मऊ प्रवाळ असतील तर खर्च इतका कमी की आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी भागतं. मी अजून त्याच टप्प्यावर आहे. शिवाय आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, कोणी "किनाऱ्यावरून आणून देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

अल्कलिनिटी खरंच घसरली असेल तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा चालतो. शंभर लिटरला ३ ग्रॅम टाकला की ती १ डीकेएचने चढते, आणि सामू जवळजवळ हलत नाही, उलट पहिल्यांदा किंचित उतरतो. तोच सोडा चांगला तापवला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून धुण्याचा सोडा उरतो. त्याचे २ ग्रॅम तेवढीच अल्कलिनिटी देतात, पण सामूही वर ढकलतात. साठा सारखाच वाढला, सामूवरचा परिणाम मात्र निराळा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असतं. पापडखार नको, त्यात काय काय मिसळलंय कोण जाणे. आणि काहीही टाकायचं तर आधी विरघळवून, दिवसाला १ डीकेएचच्या आत.

तिसरा उपाय चुन्याची निवळी. इथे मामांचे डोळे चमकले आणि हात खिशातल्या चुन्याच्या डबीकडे गेला. तो चुना नाही मामा, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड लागतं. निवळी कॅल्शियम आणि अल्कलिनिटी जोडीने देते, वर कार्बन डायऑक्साइड शोषून सामूही चढवते. पण तिचा स्वतःचा सामू १२ च्या वर, म्हणून रात्री थेंब-थेंब सोडायची. एकदम ओतली तर सकाळी पेटी रिकामी.

गेल्या महिन्यात रात्री लाइन गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पंप बंद, पाणी स्थिर, मासे वर येऊन तोंड मारताहेत. मोजलं तर सामू ७.६. नेमका तेव्हाच मामांचा सकाळचा फोन आला. घाबऱ्या आवाजात सामूचा आकडा सांगितला तर त्यांनी विचारलं, "अन् दुसरं काय हाये ते?" ते ८.४, आदल्या दिवसाइतकंच.

"मंग चुनखडी जागेवर हाये ना," मामा म्हणाले. "पुड्या राहू दे तुह्या. वारा घाल तिले."

मी बॅटरीचा एअर पंप शोधायला कपाट उघडलं.