बीज मिळाले, तलाव मात्र ठेक्यावरच

तलावात मासळी वाढवून पोट भरणाऱ्याची कमाई दोन गोष्टींवर ठरते. बीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्ले, कुठून येते आणि तलाव कोणाच्या हातात आहे. पहिला प्रश्न देशाने १९५७ साली सोडवला. दुसरा अजून ठेक्याच्या कागदात अडकलेला आहे.

कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतात, पण तिथे अंडी घालत नाहीत. त्यासाठी त्यांना पावसाळ्यातली, पूर आलेली नदी लागते. त्यामुळे कित्येक पिढ्या बंगाल-बिहारकडचे लोक पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून वाहत आलेले मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली इवली पिल्ले, गोळा करत. त्यात नेमकी कोणती जात आली हे कळायला मार्ग नसे. इतर माशांना खाणाऱ्या जातींची पिल्लेही त्यातच मिसळलेली असत. हे बीज मातीच्या मडक्यांत भरून रेल्वेने दूरवर जाई. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून सोबतचा माणूस वाटेत सतत मडकी हलवत असे, तरीही पुष्कळ बीज वाटेतच मरे. नदीपासून लांब राहणाऱ्या गरीब माणसाला या धंद्यात शिरायला वावच नव्हता.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांना कटला-रोहूसारख्या भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन, म्हणजे इंजेक्शन देऊन त्यांना अंडी घालायला लावणे, साधले. ब्राझीलमध्ये १९३० च्या दशकातच अशी पद्धत इतर माशांवर वापरली गेली होती. कृती ऐकायला सोपी आहे. एका माशाच्या डोक्यातली, प्रजननाला चालना देणारी संप्रेरके बनवणारी पिट्युटरी ग्रंथी काढायची, तिचा अर्क करायचा आणि तो पोटात अंडी तयार झालेल्या मादीला संध्याकाळी टोचायचा. सुमारे सहा तासांनी दुसरी, जास्त मात्रा द्यायची आणि तेव्हाच नरालाही टोचायचे. मग जोडी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत सोडायची. सकाळपर्यंत हाप्यात अंडी दिसू लागतात. पुढे तयार संप्रेरकाची इंजेक्शने आली, गोल टाक्यांच्या चिनी पद्धतीच्या हॅचरी, म्हणजे अंडी उबवण्याची केंद्रे आली आणि हे काम गावपातळीवर उतरले. १० जुलै आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगामुळे.

बीज हाती आल्यावर उत्पादन वाढवणे तुलनेने सोपे होते. १९७१ मध्ये मिश्र मत्स्यपालनाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला. वरच्या थरात खाणारा कटला, मधल्या थरातला रोहू, तळाशी चरणारा मृगळ, शिवाय बाहेरून आणलेले गवत्या आणि चंदेरी कार्प, असे सगळे एकाच तळ्यात. जिल्ह्याजिल्ह्यांत मत्स्यशेतकरी विकास संस्था १९७३-७४ पासून उभ्या राहू लागल्या. त्या काळी तळ्यांचे सरासरी उत्पादन हेक्टरी वर्षाला सुमारे ६०० किलो होते. पुढे ते तीन टनांच्या आसपास गेले. पण या वाढीचा मोठा वाटा आंध्रातल्या कोल्लेरू परिसरासारख्या ठिकाणच्या व्यापारी तळ्यांकडे गेला. बर्फात भरलेला त्यांचा माल ट्रकने दूरच्या बाजारात पोचू लागला आणि लहान तलाववाल्याला त्या भावाशी झुंजणे आले.

महाराष्ट्रापुरते पाहायचे तर विदर्भाकडे वळावे लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंडकाळापासून कोहळी समाजाने भातशेतीसाठी हजारो तलाव बांधले. ते मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात होते. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. आज त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतात. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारी ढिवर या मच्छीमार समाजाच्या सहकारी संस्थांना ठेक्याने, अशी वाटणी झाली. कागदावर ती नीट दिसते. पण पाण्यावर पहिला हक्क भाताचा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची जुलै-ऑगस्टमध्ये आणि धान निसवताना पाऊस दगा देऊ लागला की तूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, उघडून पाणी शेताकडे जायचे. उन्हाळ्याच्या तोंडाला तलाव आटतो, मासा किलोभर व्हायच्या आत काढावा लागतो. शेजारच्या गावांचे तलावही त्याच सुमारास आटतात, मासळी एकदम बाजारात येते आणि भाव व्यापारी सांगेल तो. त्यात तलाव गाळाने भरत चाललेले, काठाला बेशरम हे तण माजलेले. ठेका काही वर्षांचा, मग स्वतःच्या पैशाने गाळ कोण काढणार? या भागात संस्था तोट्यात गेल्या की सभासदांच्या आळसाकडे बोट दाखवले जाते. मला ते खरे वाटत नाही. पाणी कधी सोडायचे हेच ज्याच्या हातात नाही, त्याने नियोजन कशाचे करायचे?

सरकारी योजना अलीकडे वाढल्या आहेत. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यपालनाला लागू करण्याची घोषणा झाली, २०१९ मध्ये केंद्रात मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांचे वेगळे मंत्रालय झाले, २०२० मध्ये २०,०५० कोटींची मत्स्यसंपदा योजना जाहीर झाली. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, कर्ज आणि विमा यांत त्याचा फायदा अपेक्षित आहे. मात्र क्रेडिट कार्डासाठी तळे स्वतःचे किंवा ठेक्याने घेतलेले असावे लागते. स्वतःच्या शिवारात शेततळे असलेल्याला ही अट सहज पुरी करता येते. मामा तलावाचा ठेका असतो संस्थेच्या नावावर, जाळे टाकणाऱ्या सभासदाच्या नव्हे.