सांगड

सांगड : दोन होड्या, डोण्या, ओंडके किंवा वाळके भोपळे शेजारी-शेजारी बांधून केलेले, नदी ओलांडण्याचे साधन. सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा आणि तिला मिळणाऱ्या कोयना, वारणा, येरळा या नद्यांच्या काठी हा शब्द परिचित आहे. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार याच साधनावरून आला.

व्युत्पत्ती : या शब्दाबद्दल बरीच चर्चा झालेली आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात (सामान्यतः इ. स. पहिल्या शतकाचा मध्य, काही अभ्यासक थोडा पुढे-मागे नेतात) एकसंध ओंडक्यांच्या नावा एकत्र बांधून केलेल्या मोठ्या नौकांना ‘संगर’ म्हटले आहे. जर्मन संस्कृतज्ञ बेनफाय याने ते संस्कृत ‘संगर’ (व्यवहार, सौदा) या शब्दाशी जोडले. भारतविद्येचा अभ्यासक लासेन याला ते पटले नाही. द्राविड भाषांचा अभ्यासक कॉल्डवेल याने मलयाळम् ‘चङ्ङाडम्’, तुळू ‘जंगल’ आणि संस्कृत ‘संघाट’ ही रूपे पुढे ठेवली. मलयाळम् रूप पोर्तुगीजांनी ‘जांगाडा’ असे उचलले आणि ईशान्य ब्राझीलमधील कोळ्यांच्या शिडाच्या तराफ्याला आज तेच नाव आहे.

मराठी शब्दापुरते पाहता ज्यूल ब्लॉक व टर्नर या भाषाशास्त्रज्ञांचा मार्ग अधिक सरळ वाटतो. संस्कृत ‘संघाट’ म्हणजे लाकडांची जोडणी. पालीत ‘नावासंघाट’ म्हणजे तराफा. प्राकृतात ‘संघाड’ म्हणजे जोडी. त्यातूनच मराठी ‘सांगड’ (स्त्री.) आणि सिंहलीतील जोडनावेचे नाव आले. ब्लॉकने पेरिप्लसमधील शब्दाची तुलना येथेच केली आहे. द्राविड रूपे मूळची की संस्कृतातून गेलेली, हा प्रश्न या व्युत्पत्तीने सुटत नाही. पण मराठीतील ‘जोडी’ हा अर्थ प्राकृताइतका जुना ठरतो, हे महत्त्वाचे. मात्र पेरिप्लसचा उल्लेख तमिळ किनाऱ्यावरील बंदरांचा आहे. त्यावरून कृष्णाकाठच्या सांगडीला दोन हजार वर्षांचा इतिहास चिकटवणे धाडसाचे होईल. कोकणातील उलांडीशीही तिची गल्लत करू नये : उलांडी हा एकाच होडीला बाजूने दिलेला लाकडी आधार असतो, दुसरी होडी नव्हे.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकात कास, पोटाशी बांधायची पेटी, तरांडे, तारू अशी नदी उतरण्याची साधने एकामागून एक येतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात जोडलेल्या दोन होड्या हा अर्थ नोंदलेला आहे.

बांधणी व वापर : दोन सपाट तळाच्या नावांमध्ये थोडे अंतर ठेवून वरून आडवे वासे टाकत, ते दोराने आवळत आणि त्यावर फळ्या अंथरत. एकटी नाव बैलगाडीच्या ओझ्याने कलंडते. जोडीचा पाया रुंद असल्याने ती डुलली तरी उलटत नाही. वाखाचा दोर भिजला की आखडतो, त्यामुळे गाठी पाण्यात अधिकच घट्ट बसतात. शिडाचा येथे उपयोग नव्हता. उंच दरडींमधून वाहणाऱ्या नदीत वारा एकसारखा मिळत नाही. काम चाले ते वेळूच्या काठीवर आणि वल्ह्यावर. नावाडी आधी काठाकाठाने नाव वर ओढून नेत आणि मग प्रवाहात तिरपी सोडत, म्हणजे पाणीच तिला समोरच्या घाटाला लावी. सांगडीत दोन्हीकडच्या काठ्या एकाच वेळी रोवाव्या लागत. वरच्या अंगाची काठी मागे राहिली, की सगळी जोडी फिरून आडवी होई. उन्हाळ्यात पाणी ओसरले की लोक व गाड्या उतारानेच (उथळ पाण्यातून) जात; तरीची, म्हणजे नावेने ने-आण करण्याची, खरी गरज पावसाळ्यात व त्यानंतरच्या काही महिन्यांत असे.

सुक्या भोपळ्यांची सांगड हा याचाच लहान प्रकार. दोन भोपळे दोरीने जोडून छातीखाली किंवा पाठीशी बांधत. पोहायला शिकणाऱ्या पोरांना घाटावर हीच देत. हलक्या पांगाऱ्याचे ओंडकेही यासाठी चालत.

ऱ्हास : सांगलीत १९२९ मध्ये आयर्विन पूल खुला झाला आणि सांगलवाडीकडची ने-आण पुलावरून होऊ लागली. कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर आणि पलीकडचे कोथळी यांच्यामधील नाव त्यानंतरही बराच काळ चालली. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तापोळा-बामणोली भागात लाँच व वाहने नेणारा तराफा चालतो. ती वेगळी, यांत्रिक व्यवस्था आहे.

सांगडीखेरीज काठावरील गावांत गुळाची काहील (उसाचा रस आटवण्याची मोठी कढई) नावेसारखी वापरण्याची रीत आहे. ती गोल असल्याने एकाच बाजूने वल्हवली तर जागच्या जागी गरगरते. म्हणून दोघे समोरासमोर बसून दोन्ही अंगांनी वल्हवतात.