पाच लिटरचा डबा, सहा आठवडे

ठाण्यात कुणी वजन कमी करायला घेतलं की पहिला बळी भाताचा जातो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये असो की नौपाड्याच्या जुन्या इमारतीत, "आम्ही रात्रीचा भात बंद केलाय" हे ऐकू येतंच. आठवड्याभरात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि भातच गुन्हेगार होता यावर शिक्कामोर्तब होतं.

त्या दीड-दोन किलोत चरबी फार थोडी असते. आपलं यकृत आणि स्नायू मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. ही शरीराची हाताशी ठेवलेली साखर. तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात, पोळी, बटाटा एकदम तोडला की हा साठा खर्ची पडतो आणि त्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. मग कुणाच्या तरी लग्नात मसालेभात-जिलेबी होते, पाणी परत येतं आणि माणूस खचतो. खरं तर साध्या शिजवलेल्या भातात सत्तरेक टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम भात म्हणजे सुमारे १३० कॅलरी. (बोलताना आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्राच्या भाषेत किलोकॅलरी. इथेही तोच अर्थ धरावा.) भाताची काहीच चूक नाही असं नाही, पण त्याच्याआधी चौकशी करावी असे दोघे-तिघे स्वयंपाकघरात मोकळे फिरताहेत.

ते सापडतात ते एका साध्या हिशेबातून. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, हा आकडा बहुतेकांनी कुठेतरी वाचलेला असतो. त्यावरून रोज अमुक कॅलरी कमी केल्या की वर्षात इतके किलो, असं सरळ त्रैराशिक मांडलं जातं. ते चुकतं, कारण शरीर हलकं होत जातं तसा त्याचा खर्चही कमी होतो. तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याहून वास्तवाला धरून असलेला ठोकताळा दिला. रोजच्या खाण्यात सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला, तर वजनात अखेर सुमारे एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात, जवळजवळ सगळा तीन वर्षांत. चोवीस कॅलरी म्हणजे साखरेचा जेमतेम सव्वा चमचा! अट एवढीच, की बदल रोजचा हवा आणि इकडे वाचवलेलं तिकडे भरून काढायचं नाही.

म्हणून मला रविवारच्या मामलेदारच्या मिसळीची फारशी काळजी वाटत नाही. आठवड्यातून एकदा खा, तर्री मागून घ्या. काळजी त्याची करावी जे रोज, न बघता, हाताच्या सवयीने पडतं. त्यात पहिला नंबर तेलाचा.

चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपतो असं धरू. पाच लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलो. माणशी रोज ३८ ग्रॅम झालं. तेलाच्या दर ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या तेलातून रोज ३४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप २७ ग्रॅम सुचवलं आहे. त्या मापाने तोच डबा सहा आठवडे जायला हवा. फरक माणशी रोज ११ ग्रॅमचा, सुमारे १०० कॅलरींचा. हॉल यांच्या ठोकताळ्यात बसवलं तर प्रत्येकाचं वजन कालांतराने चार किलोंनी कमी, त्यातले दोन पहिल्या वर्षात. जेवणातला एकही पदार्थ न सोडता. अर्थात घरातल्या लहान मुलाला आणि आजीला या हिशेबात धरताना तारतम्य हवं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शरीरात शोषली जायला स्निग्ध पदार्थ लागतातच. त्यामुळे तेल शून्यावर आणायचा खटाटोप नको.

इथे एक प्रश्न हमखास येतो: कुठलं तेल? हल्ली ठाण्यात लाकडी घाण्याच्या तेलाची दुकानं ठिकठिकाणी दिसतात. चव छान असते, मीही आणतो. पण शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, ऑलिव्ह, घाण्यावरचं किंवा पिशवीतलं, वजनाच्या बाबतीत सगळी तेलं सारखीच. ग्रॅमला ९ म्हणजे ९. "घाण्याचं आहे, अंगी लागत नाही" हे दुकानदाराने म्हणावं, आपण मानू नये.

डबा सहा आठवडे पुरवायचा कसा? बरणीतून कढईत तेल ओतायचं बंद करायचं, चमच्याने घालायचं. पाच मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे सुमारे ४० कॅलरी. चौघांच्या भाजीला असे तीन चमचे पुष्कळ होतात. फोडणीचं तेल हे हिंग-मोहरी-हळदीचा वास उचलायला असतं, भाजी शिजवायला नाही. भाजी शिजते वाफेवर. जुन्या बायका भाजीवर झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओतत, त्यात छान पदार्थविज्ञान आहे. भाजीतून उठलेली वाफ गार झाकणाला आतून लागते, तिचं पाणी होतं आणि ते परत भाजीत पडतं. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते, तळाला लागत नाही, म्हणून ती परतत राहायला तेलाची धार लागत नाही. वरचं पाणी गरम झालं की आमटीत जातं.

तळणाचं शास्त्र त्याहून मजेदार आहे. बटाटेवडा कढईत पडल्याबरोबर जे बुडबुडे उठतात ते तेल उकळतंय म्हणून नव्हे. ती पिठातल्या आणि बटाट्यातल्या पाण्याची वाफ असते. वाफ जोरात बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव कमी मिळतो. गंमत पुढे आहे. वडा झाऱ्यावर बाहेर आला की आतली वाफ थंड होऊन आकसते, बारीक छिद्रांमधला दाब उतरतो आणि वड्याच्या अंगावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. पदार्थात मुरणाऱ्या तेलाचा मोठा भाग कढईत नाही, तर कढईतून बाहेर काढल्यानंतर शिरतो. म्हणून वडा झाऱ्यावर दोन क्षण कढईवरच निथळू द्यायचा आणि गरम असतानाच कागदावर टाकायचा. ताटात एकावर एक रचून, निवल्यावर टिपायला गेलात तर उशीर झालेला असतो. भज्यांच्या पिठात सोडा जास्त पडला की ती तेल पितात तेही यामुळेच: छिद्रं जास्त, तेलाला जागा जास्त.

ठाणे आणि नवी मुंबई म्हणजे मुळात आगरी-कोळ्यांचा मुलूख. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातून आणलेला ओला बोंबील हातात धरून पाहिला तर तो बराचसा पाण्याचाच बनलेला वाटतो, आणि असतोही तसाच. त्याचं आंबट-तिखट कालवण केलं तर प्रथिनं भरपूर आणि कॅलरी मोजक्या. त्यालाच दाबून, पाणी काढून, रव्यात घोळवून तळलं की पाण्याची जागा तेल घेतं. तळलेला बोंबील कुणी सोडावा असं मी म्हणणार नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. रोजच्याला कालवण, पाहुणे आले की तळलेला, एवढंच.

दुसरा मोकळा फिरणारा म्हणजे चहा. घरचा कपभर चहा, दोन चमचे साखर, दिवसातून चारदा: ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते, आणि इथे मिठाईला हात लावायच्या आधीच चाळीस. साखर एकदम बंद केली तर चहा काढ्यासारखा लागतो आणि चौथ्या दिवशी माणूस मूळ पदावर येतो. दर आठवड्याला पाव चमचा कमी केली तर जिभेला पत्ता लागत नाही. महिनाभरात एक चमच्यावर याल. त्या चहात बुडणाऱ्या खारीबद्दल इतकंच सांगतो: ती मैदा आणि वनस्पती तुपाच्या थरांची असते.

सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेणाऱ्यांना नाउमेद करायचं नाही, पण त्याने चरबी वितळत नाही. मधाच्या चमच्यात वीसेक कॅलरी मात्र असतात.

"मी काही खातच नाही हो, तरी वजन वाढतं," हे सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये नेमक्या अशाच लोकांवरचा एक अभ्यास आला. डाएट करूनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या या मंडळींनी आपण रोज सरासरी १०२८ कॅलरी खातो असं लिहून दिलं होतं. विशिष्ट समस्थानिकं (हायड्रोजन-ऑक्सिजनचे जरा जड अणू) घातलेलं पाणी पाजून शरीराचा खरा खर्च मोजला, तेव्हा खाणं निघालं सरासरी २०८१ कॅलरींचं. दुप्पट! त्यांच्या शरीराचा खर्च मंद नव्हता. फक्त मीठ बघताना घेतलेला घास, मुलांच्या डब्यात उरलेलं, डब्यातून येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा असलं काही कुणाच्याच नोंदीत येत नाही. मूठभर शेव जिभेवर विरघळते, पण १०० ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात.

आता भाताकडे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीतून २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आपल्या रोजच्या कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. प्रथिनं फार कमी पडतात. मराठी ताटात हे सहज दिसतं: भाताचा डोंगर, त्यावर वरणाची पातळ धार, भाजी कोपऱ्यात चटणीएवढी. प्रथिनांचे दोन गुण वजनाच्या कामाचे आहेत. एक, ती पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. दुसरं, ती पचवण्यातच त्यांच्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के खर्ची पडते. पिष्टमय पदार्थांना ५ ते १० टक्केच लागते, तेल-तुपाला त्याहून कमी. म्हणून भात बंद न करता निम्मा करा आणि वरण दुप्पट घट्ट करा. मटकीची उसळ, अंडं, मासळी, घट्ट दही यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. भाजी वाटीभर नाही, दोन वाट्या. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर-उसळ आणि भात शेवटी, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतर रक्तातली साखर कमी चढते, असं मधुमेहींवरच्या छोट्या प्रयोगांत दिसलं आहे.

भाकरीवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळजवळ सारख्याच. हाताएवढी जाड भाकरी दोन पोळ्यांच्या तोडीची असते. तिचा फायदा हा, की ती चावायला वेळ लागतो, तेल मागत नाही आणि एकीवर भागतं.

आपल्याकडे सगळ्यात बिकट वेळ संध्याकाळची. दुपारी एकला डबा खाल्लेला, सीएसएमटीहून ठाणे लोकलमध्ये उभ्याने प्रवास, घरी पोचायला साडेआठ. सात-साडेसात तास पोट रिकामं. जठरातून स्रवणारं घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक तोवर चांगलंच चढलेलं असतं. स्टेशनबाहेर वड्याचा वास आला की निग्रह वगैरे काही चालत नाही. वडापाव म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी, शिवाय घरी जेवण आहेच. इथे मनाला दोष देण्यापेक्षा पाच वाजता ऑफिसातच खाऊन घ्यावं. मूठभर फुटाणे, म्हणजे तीसेक ग्रॅम, एकशेदहा कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं देतात. बरोबर एखादा पेरू. पुढे आठ वाजता त्याच वासाकडे जरा शांतपणे बघता येतं.

पाकिटातल्या पदार्थांबद्दल एकच प्रयोग सांगतो. हॉल यांनीच २०१९ साली वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेले अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे साखर, स्निग्धांश, तंतू सारखेच ठेवले आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. पाकिटवाल्या आठवड्यांत लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि खातही भराभर होते. आपल्या उपवासाला मात्र कारखान्याचीही गरज लागत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. एकादशी, दुप्पट खाशी.

काट्यावर रोज उभं राहू नका. मीठ, पाणी, पोट साफ होणं-न होणं यानेच वजन किलोभर इकडे-तिकडे होतं. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी बघा आणि सोबत कमरेला टेप लावा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली, तर काटा काहीही म्हणो, पोटावरची चरबी वाढलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचं माप) एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार हा आपला घरचाच नमुना आहे. म्हणून भारतीयांसाठी हा इंडेक्स २३ च्या पुढे गेला की लगेच वजन जास्त धरतात.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भात-पोळी निम्मी करण्याआधी डॉक्टरांशी बोलून डोस ठरवून घ्या. खाणं घटलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना यातलं काही करू नका.