विद्यापीठाच्या वाय-फायला स्मार्टफोन जोडणे

विद्यापीठाच्या आवारातील बिनतारी जाळ्यात विद्यार्थी, शिक्षक किंवा कर्मचाऱ्याने आपला फोन स्वतःच्या खात्यावर जोडून घेण्याची प्रक्रिया. घरच्या वाय-फायला सगळ्यांत मिळून एकच पासवर्ड असतो. हजारो माणसांची रोज ये-जा असते तिथे ही पद्धत टिकत नाही. पासवर्ड बघता बघता सर्वतोमुखी होतो, शिक्षण संपवून गेलेल्या एकट्याचाच प्रवेश बंद करता येत नाही, आणि गैरवापर झालाच तर तो कोणी केला हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून विद्यापीठे प्रत्येकाला वेगळे खाते देतात, आणि बहुधा ईमेलचे जे खाते तेच वाय-फायचे. ही सोय महागात पडू शकते, कारण तो एक पासवर्ड परक्याच्या हाती लागला की वाय-फायबरोबर पत्रव्यवहार, गुणपत्रके आणि फीचे तपशीलही उघडे पडतात. जोडताना फोन एवढे प्रश्न का विचारतो, याचे उत्तर बरेचसे इथेच आहे.

बिनतारी जाळी आणि विद्यापीठे यांचा संबंध जुना आहे. हवाई विद्यापीठाचे रेडिओलहरींवर चालणारे अलोहानेट १९७१ मध्ये सुरू झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठाने आपल्या आवारात ‘वायरलेस अँड्र्यू’ची उभारणी १९९३ मध्ये हाती घेतली, वाय-फायचा पाया असलेले ८०२.११ हे मानक त्यानंतर, १९९७ मध्ये आले.

जोडणीच्या दोन पद्धती सर्रास आढळतात. पहिली लॉगिन पानाची. नेटवर्क खुले असते, फोन विनापासवर्ड जोडला जातो आणि मग ब्राउझरमध्ये नाव-पासवर्ड विचारणारे पान उघडते. हे पान आपोआप येते ते असे: जोडला गेल्याबरोबर फोन ठरलेल्या पत्त्यावरून एक अगदी लहानसा मजकूर मागवून पाहतो. अपेक्षित उत्तराऐवजी भलतेच काही आले, तर मध्ये कोणीतरी अडवते आहे हे ओळखून तो ‘साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. पद्धत पाहुण्यांसाठी ठीक आहे, पण नेटवर्क साधे खुले असेल तर फोन आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची लहर सोडणारी पेटी) यांच्यामधला हवेतला प्रवास सांकेतिक, म्हणजे परक्याला न वाचता येणारा, होत नाही, आणि ठराविक वेळाने पुन्हा लॉगिन करावे लागते.

काही विद्यापीठे त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला फोनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक, आगाऊ नोंदवायला सांगतात. इथे हमखास एक घोटाळा होतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता न दाखवता बनावट पत्ता दाखवतात. ‘फोनविषयी’च्या पानावरून उतरवून नोंदवलेला पत्ता वेगळा आणि नेटवर्कला दिसणारा वेगळा, त्यामुळे नोंदणी करूनही दार उघडत नाही. त्या नेटवर्कच्या तपशिलात जो पत्ता दिसतो तो नोंदवावा, किंवा तेवढ्यापुरता बनावट पत्ता बंद करावा.

दुसरी पद्धत ८०२.१एक्स या मानकाची, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली. मोठ्या विद्यापीठांचे मुख्य नेटवर्क सहसा हिच्यावर चालते. भिंतीवरचा ॲक्सेस पॉइंट देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा असतो: तो स्वतः कोणाला ओळखत नाही, आत निरोप पाठवतो आणि होकार आला तरच सोडतो. आतला निर्णय घेणारा असतो रेडियस सर्व्हर. गंमत म्हणजे रेडियसचा जन्म १९९१ मधला, टेलिफोन लाइनवरून मोडेमने जोडून घेणाऱ्यांची ओळख पटवण्यासाठी झालेला. आज तेच तंत्र खिशातल्या फोनची झडती घेते.

ओळख इथे दुहेरी पटवायची असते. आधी सर्व्हरने फोनला आपले प्रमाणपत्र, म्हणजे आपण खरेच विद्यापीठाचे असल्याचा डिजिटल दाखला, दाखवायचे, फोनने ते तपासायचे, दोघांत सांकेतिक बोगदा तयार व्हायचा आणि मगच त्या बोगद्यातून पासवर्डची पडताळणी व्हायची. पहिली पायरी वापरणाऱ्याच्या नजरेत भरत नाही आणि नेमकी तीच गाळली जाते. तसे झाले की कोणीही विद्यापीठाच्या नावाचेच वाय-फाय उभारावे आणि फोनने इमानेइतबारे त्याच्याशी बोलणे सुरू करावे. असा बोगदा वापरणाऱ्या पीईएपी या प्रचलित पद्धतीत आत सहसा एमएसचॅप व्ही२ हा पासवर्ड पडताळण्याचा प्रकार वापरतात. त्यात पासवर्ड जसाच्या तसा जात नाही हे खरे. पण २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले, की या देवाणघेवाणीची नोंद हाती आली तर ती फोडण्याचे काम डीईएस या जुनाट सांकेतिक पद्धतीची एक किल्ली शोधण्याएवढेच उरते. तेव्हा सारा भरवसा बाहेरच्या बोगद्यावर, आणि बोगद्याचा भरवसा त्या न तपासलेल्या प्रमाणपत्रावर.

अँड्रॉइडवर प्रमाणपत्राच्या रकान्यात पूर्वी ‘पडताळणी नको’ असा पर्याय होता, आणि मदतीची कित्येक पत्रके तोच निवडायला सांगत. तो सल्ला वाईटच होता. डिसेंबर २०२० मध्ये अँड्रॉइड ११ च्या अद्ययावतीत पिक्सेल फोनांवरून हा पर्याय गेला आणि जुनी पत्रके निरुपयोगी ठरली. आता पीईएपी, एमएसचॅप व्ही२, नाव, पासवर्ड सगळे भरूनही जोडण्याचे बटण फिकटच राहते, कारण खालचा ‘डोमेन’ हा रकाना रिकामा असतो. तिथे सर्व्हरच्या प्रमाणपत्रावरचे नाव घालायचे, आणि ते विद्यापीठाच्या संगणक केंद्राकडूनच घ्यायचे. प्रमाणपत्राच्या रकान्यात बहुधा ‘सिस्टिम प्रमाणपत्रे’ निवडून भागते; विद्यापीठाने प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असेल तर ते आधी फोनमध्ये घालावे लागते. आयफोन रकाने विचारत नाही, तो प्रमाणपत्र समोर धरतो आणि विश्वास ठेवायचा का एवढेच विचारतो. बहुतेक जण न वाचता होकार देतात. निदान वरचे नाव तरी आपल्या विद्यापीठाचे आहे का, हे पाहायला क्षणभर थांबावे. फोनची तारीख चुकलेली असेल तर चांगले प्रमाणपत्रही बाद ठरते, ही एक क्षुल्लक पण वेळखाऊ अडचण.

याच यंत्रणेवर एडुरोम, म्हणजे अनेक शिक्षणसंस्थांनी मिळून चालवलेले सामाईक वाय-फाय, उभे आहे. नेदरलँड्समधल्या सर्फनेट या शैक्षणिक नेटवर्क संस्थेचे क्लास विरेंगा यांनी २००२ मध्ये ही कल्पना मांडली आणि आज शंभरहून अधिक देशांत ती चालते. परक्या विद्यापीठात गेलेल्याचा फोन तिथल्या एडुरोमला जोडला जातो, ओळख मात्र त्याच्या मूळ संस्थेत पटवली जाते. नावातल्या ‘ॲट’ चिन्हापुढचा भाग वाचून यजमान सर्व्हर विनंती पुढे धाडतो, ती टप्प्याटप्प्याने घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचते, आणि बोगद्याचे दुसरे टोक तिथे असल्यामुळे यजमानाला पासवर्ड कळत नाही. आपल्या आवारात नुसते वापरकर्ता नाव टाकूनही कधीकधी जोडणी होते, म्हणून चूक कित्येक महिने लपून राहते. परगावी गेल्यावर मात्र विनंती कोठे धाडायची हेच यजमानाला कळत नाही. ‘ॲट’पुढच्या भागासह पूर्ण वापरकर्ता नाव घालून, आपल्याच आवारात चाचणी घेऊन मग निघावे. यजमान संस्थेच्या संगणक केंद्राला पाहुण्याचे खाते दिसत नाही, त्यामुळे तिथे मदत मागून फारसे हाती लागत नाही. गेटएडुरोम हे ॲप मूळ संस्थेने दिलेली मांडणी, डोमेन आणि प्रमाणपत्रासह, फोनमध्ये भरते. संस्था त्यात असेल तर हाताने रकाने भरण्यात शहाणपण नाही.

चालू असलेली जोडणी एकदम तुटली तर आधी आठवावे, पासवर्ड नुकताच बदलला होता का. फोन खिशातून जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ओलांडली की सर्व्हर खातेच कुलूपबंद करतो. मग संगणकावरून ईमेलही उघडत नाही, आणि माणूस नवा पासवर्ड चुकला असे समजून तो पुन्हा बदलतो. उपाय एवढाच, की फोनमधून ते नेटवर्क ‘विसरा’ करून नव्याने जोडावे; जुना टॅबलेट घरी पडला असेल तर त्यातूनही.

काही विद्यापीठांनी पासवर्डच बाजूला ठेवून ईएपी-टीएलएस ही प्रमाणपत्रावर चालणारी पद्धत स्वीकारली आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचे प्रमाणपत्र मिळते. पासवर्ड बदलल्याने जोडणी तुटत नाही, बनावट वाय-फायच्या हाती पासवर्ड लागण्याचा प्रश्न येत नाही, आणि फोन हरवला तर तेवढे एक प्रमाणपत्र रद्द करता येते. मुदत संपण्याआधी ते नव्याने घ्यावे लागते.