तूरडाळ कोणत्या खात्यात मोडते?

५ किलो तांदूळ, ३ किलो सत्तू, दीड किलो दूध पावडर आणि अर्धा किलो तेल. ऑगस्ट २०१९ पासून झारखंडच्या चार जिल्ह्यांतल्या काही क्षयरुग्णांना गोळ्यांच्या जोडीने दर महिन्याला हा १० किलोंचा शिधा मिळू लागला. सत्तू म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. तिकडे ते घरोघरी खातात. चूल पेटवायची गरज नाही, पाण्यात कालवून थोडं मीठ घातलं की झालं. ज्याला खोकून खोकून बसवतही नाही, त्याच्याही घशाखाली उतरतं.

या प्रयोगाचं नाव ‘राशन्स’. तो डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. हे दोघे आधी छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत जनस्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात काम करत होते. तिथल्या क्षयरुग्णांच्या नोंदींतून एक आकडा पुढे आला, तो मी एकदा वाचला आणि मग विसरता आला नाही. निदानाच्या वेळी पुरुषांचं मध्यक वजन होतं ४२.१ किलो, बायकांचं ३४.१. म्हणजे निम्म्या बायका जेमतेम चौतीस किलोंच्या किंवा त्याहून कमी. आपल्याकडे बारा वर्षांच्या अंगापिंडाने बऱ्या मुलीचं वजन याहून जास्त भरतं.

क्षय आणि भूक यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे लगेच आजार होतो असं नाही. बहुतेकांच्या शरीरात पांढऱ्या पेशी त्या जंतूंभोवती तटबंदी करतात आणि ते तिथेच वर्षानुवर्षं कोंडून पडतात. ही तटबंदी रोज राखावी लागते, आणि त्यासाठी शरीराला प्रथिनं लागतात, ऊर्जा लागते. पोटात पुरेसं गेलं नाही की पहारा ढिला पडतो आणि जंतू बाहेर येतात. मग ताप येतो, भूक मरते, स्नायू झिजतात. आजार माणसाला आणखी अशक्त करतो आणि अशक्तपणा आजाराला आणखी वाट करून देतो. वेगवेगळ्या देशांतल्या जुन्या अभ्यासांचा ताळा मांडल्यावर असं दिसलं की उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय एका अंकाने वाढला की क्षय होण्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटतं.

मग अन्न हा उपचाराचा भाग का नव्हता? खरं तर एके काळी होता. मिरज-सांगलीकडच्या जुन्या माणसांना वानलेसवाडीचं सॅनेटोरियम आठवत असेल. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी हाच तेव्हाचा उपचार, कारण दुसरा नव्हताच. पुढे गोळ्या आल्या आणि १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या १९३ रुग्णांपैकी निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, निम्म्यांना त्यांच्याच घरी. औषधं दोघांना तीच. घरच्यांचं जेवण निकृष्ट होतं, विश्रांतीही कमी. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले होते.

१९५९ मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि जगभर क्षयाचा उपचार घरी होऊ लागला. लाखो गरिबांसाठी ते वरदान ठरलं, यात शंका नाही. खाटांची वाट पाहत मरणारी माणसं घरच्या घरी गोळ्या घेऊन जगली. पण मद्रासच्या प्रयोगाने विचारलेला प्रश्न मर्यादित होता: सॅनेटोरियमची खाट आणि तिथलं सकस अन्न नसलं तरी गोळ्या जंतू मारतात का? उत्तर होतं, मारतात. धोरण आखणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला की अन्नाची गरजच नाही. पुढची सहा दशकं गोळी आरोग्य खात्याकडे राहिली आणि धान्य अन्न व नागरी पुरवठा खात्याकडे. तालुक्याच्या गावी या दोन कचेऱ्यांमध्ये पाच मिनिटांचं अंतर असेल, पण एकीचा कागद दुसरीकडे जात नाही.

झारखंडच्या प्रयोगाने तो बाजूला पडलेला प्रश्न पुन्हा उचलला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. शिधा सगळ्याच रुग्णांना दिला, कारण इतक्या हाडकुळ्या माणसांपैकी काहींना उपाशी ठेवून तुलना करणं बरोबर नव्हतं. फरक केला तो घरच्यांमध्ये. एका गटात घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या मिळाल्या, लहानांना त्याच्या निम्मं. दुसऱ्या गटातल्या घरच्यांना नेहमीचंच जेवण. साधा क्षय असेल तर सहा महिने, औषधांना दाद न देणारा असेल तर वर्षभर.

निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकांत आले. ज्या घरांत डाळ-तांदूळ गेले, तिथे बाकीच्यांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी होतं. थुंकीतून जंतू पसरवणारा, तपासणीत पक्का झालेला फुप्फुसाचा क्षय तर ४८ टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्ये ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४२ किलोंच्या माणसाला ५ टक्के म्हणजे जेमतेम २ किलो. यातला शेवटचा, मृत्यूचा आकडा जरा जपून वाचायला हवा, कारण वजन वाढलं म्हणून माणूस वाचला की बरा होत होता म्हणून वजन वाढलं, हे त्यातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. घरच्यांच्या आकड्यांना मात्र ही अडचण नाही. कोणत्या भागातल्या घरांना शिधा मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं.

आता घरच्यांच्या शिध्याची ती यादी पुन्हा पाहा. ५ किलो तांदूळ. अन्नसुरक्षा कायद्याने, म्हणजे २०१३ च्या कायद्याने, प्राधान्य कुटुंबातल्या माणशी मिळणारं धान्यही महिन्याला ५ किलोच. तराजूचं एक पारडं कायद्यात आधीपासून आहे. नाही ती डाळ. रेशनवर केंद्राचा हक्काचा माल म्हणजे गहू, तांदूळ आणि भरडधान्य. डाळ कधी एखादं राज्य आपल्या खर्चाने देतं, कधी सणाला देतं, कधी बंद होते. सहा महिन्यांच्या गोळ्यांना असा लहरी साथीदार कसा चालेल?

कायद्यात याची सोय नाही का, हे शोधायला गेलं की फार विचित्र चित्र दिसतं. राज्यघटनेचं ४७ वं कलम आपल्याला दारूबंदीमुळे माहीत असतं, पण त्याची सुरुवातच सांगते की लोकांचं पोषण आणि राहणीमान उंचावणं व सार्वजनिक आरोग्य सुधारणं ही राज्याची प्राथमिक कर्तव्यं आहेत. घटनाकारांनी पोषण आणि आरोग्य एका वाक्यात बसवलं होतं. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात दाद मागता येत नाही. अन्नसुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा माता आहेत, मुलं आहेत, कुपोषित मुलांसाठी वेगळं कलम आहे. आजारी मोठा माणूस कुठेच नाही. महिन्याला ३५ किलो धान्य देणाऱ्या अंत्योदय योजनेच्या निकषांत असाध्य आजार असलेला कुटुंबप्रमुख येतो. क्षय तर साध्य आहे! बरा होऊ शकतो, म्हणून तो त्या ओळीत बसत नाही.

याउलट रुग्णाची माहिती कळवण्याच्या बाबतीत कायदा अगदी स्पष्ट आहे. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला देणं बंधनकारक आहे, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती न देणाऱ्या डॉक्टरवर दंड संहितेखाली कारवाईची तरतूद केली. नोंद हवीच, माझा तिला विरोध नाही. पण नाव घेताना जी सक्ती आहे ती त्या नावाच्या ताटात काही वाढताना का नसावी? एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने हे केलंय. बाधित आणि त्यांच्या घरच्यांना कल्याणकारी योजनांपर्यंत पोहोचवण्यासाठी पावलं उचलणं केंद्र आणि राज्य सरकारांवर त्यात बंधनकारक आहे. क्षयासाठी असं एक कलम अजून कुणी लिहिलेलं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र नाही. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ आले: एखादी व्यक्ती, कंपनी, मंडळ किंवा बँक रुग्णाला दत्तक घेऊन शिधा पोहोचवते. २०२४ मध्ये घरच्यांनाही या शिध्याच्या टोपलीत सामावून घेण्याचा निर्णय झाला. झारखंडचा धडा वर्ष-सव्वा वर्षात धोरणात उतरला, हे आपल्याकडे क्वचित घडतं आणि त्याचं मोल मोठं आहे.

तरीही मला दोन गोष्टी खटकतात. १,००० रुपयांचे दिवसाला ३३ रुपये होतात, आणि घरात पाच तोंडं असली तर ते पाच जणांत जातात. आजारी बाई स्वतःपुरतं दूध आणून मुलांसमोर पिणार नाही. दुसरी गोष्ट मित्राची. मित्र चांगला असतो, पण सगळं त्याच्या मर्जीवर असतं. ज्या जिल्ह्यात कारखाने आहेत तिथे मित्र पुष्कळ. ज्या पाड्यांवर रुग्ण जास्त तिथे मित्र कमी. शिवाय टोपली देताना फोटो निघतो आणि गावभर फिरतो. मदतीसाठी रुग्णाची संमती घ्यायचा नियम आहे, पण समोर तांदूळ ठेवून विचारलेल्या प्रश्नाला नाही कोण म्हणेल?

ऊसतोडीच्या टोळीचं उदाहरण घ्या. बीडकडची कोयत्याची जोडी दिवाळीच्या आगेमागे निघते आणि उन्हाळ्यात परतते. म्हणजे हंगाम साधारण सहा महिन्यांचा, आणि क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. समजा, निघण्याआधी नवऱ्याला क्षय निघाला. मुकादमाची उचल अंगावर असल्यामुळे थांबता येत नाही. गोळ्यांची नोंद क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय प्रणालीतून फडाजवळच्या केंद्राकडे वळवता येते. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे गहू-तांदूळही तिथल्या दुकानात मिळू शकतो. पण टोळी राज्याची हद्द ओलांडून कर्नाटकात गेली तर आपल्या राज्याने वर दिलेलं काही असेल ते मागेच राहतं. गावातल्या मित्राची टोपली बंद घराच्या दाराशी येते. आणि फडावरच्या कोपीत त्याच्याशेजारी झोपणाऱ्या बायकोमुलांची तपासणी कुणी करायची हे ठरलेलं नसतं.

या दोन खात्यांना जोडायला नवी यंत्रणा उभारावी लागेल असं मला वाटत नाही. निक्षय प्रणालीत रुग्णाचा क्रमांक तयार झाला की त्याच दिवशी पुरवठा कार्यालयाला एवढाच निरोप जावा: या शिधापत्रिकेवर पुढचे सहा महिने माणशी दीड किलो डाळ. कारण लिहायचं नाही, म्हणजे रेशन दुकानदाराला आजार कळणार नाही. ही डाळ कार्डाबरोबर देशभर फिरावी. आणि ती मिळाली नाही तर अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्ह्यात जो तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता यावी. शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मित्राविरुद्ध तक्रार करता येत नाही.

अमेरिकेत मिसिसिपीतल्या माउंड बायू या गावी १९६० च्या दशकात डॉ. जॅक गायगर यांनी हेच वेगळ्या वाटेने केलं होतं. कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर ते औषधांऐवजी दूध, मांस, भाज्या लिहून देत. किराणा दुकानदार माल देई आणि बिल दवाखान्याच्या औषधांच्या खात्यात पडे. वॉशिंग्टनहून हरकत आली, तेव्हा त्यांनी कळवलं की आम्ही पुस्तकात पाहिलं तेव्हा कुपोषणावरचा नेमका उपचार अन्न हाच दिलेला होता. ते केंद्र गरिबीविरोधी कायद्याच्या पैशावर उभं होतं, म्हणून ते औषध आणि अन्न एकाच खात्यात टाकू शकले.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या ओळखीत कुणाचा उपचार सुरू असेल तर आशाताईंना विचारून घ्या: निक्षय क्रमांक मिळाला का, बँक खातं जोडलंय का, शिधापत्रिकेवर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, घरच्यांची तपासणी झाली का. गावातल्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी असतो. त्यातून काय करता येईल हे ग्रामसभेत विचारता येतं. पैसे जमा होत नसतील तर निक्षय संपर्कचा निःशुल्क क्रमांक १८००-११-६६६६ आहे. आणि दोन महिन्यांनी वजन काट्यावर पुन्हा करून घ्या. गोळ्यांची मात्रा वजनावरूनच ठरते, त्यामुळे काटा केंद्रात असतोच.